नवी हार्ड डिस्क मीच बसवली

"ताई, घरात कुणी माणूस असेल तर त्याला पाठवा. त्याला नीट समजावून सांगतो." कॉम्प्युटरवाला दुकानदार बोलत माझ्याशी होता, पण बघत होता माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे.

"घरातलं माणूस मीच आहे," मी म्हणाले. "मला सांगा."

मागचं गिऱ्हाईक हसलं, दुकानदारही हसला. मला हसू आलं नाही.

मी सोलापुरात चादरी-टॉवेलांची डिझाइनं काढते. लग्न मोडून परत आले तेव्हापासून आई आणि मी, आम्ही दोघीच. पोट या कॉम्प्युटरवर. डिझाइन काढायचं, फाइल कारखान्याला पाठवायची, तिकडं माग सुरू होतो. त्या आठवड्यात मशीनमधली जुनी हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली आणि एका सकाळी पडदा काळाच राहिला. कारखान्यातून फोनवर फोन. दुकानदार म्हणाला, मशीन जुनं झालंय, नवंच घ्या. नाहीतर इथं ठेवून जा, वेळ मिळेल तसं बघू. त्याला कधी वेळ मिळणार ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

"मला फक्त नवी हार्ड डिस्क द्या," मी म्हणाले. "बसवायची मी बघते."

त्यानं डिस्क आपल्या कॉम्प्युटरला लावली, काहीतरी खटखट केलं आणि माझ्या हातात दिली. "चेक करून दिलीय. पण बसवता नाही आली तर परत घेणार नाही. अन् कुणी उघडलेलं मशीन आम्ही हातात धरत नाही, आधीच सांगतो."

मोहोळहून धाकट्या भावाचा फोन आला. "अक्का, तू हात लावू नको. मी रविवारी येतो की."

"ये की," मी म्हणाले, "जेवायला ये."

वरच्या मजल्यावर एक शाळेतल्या बाई राहतात. त्यांच्या लॅपटॉपवरून मी पेन ड्राइव्हमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेतली. ती नव्या डिस्कवर टाकल्याशिवाय मशीन चालू होऊन उपयोग नव्हता. मग मशीन फरशीवर आडवं घातलं, बाजूचा पत्रा काढला. आत धुळीचा नुसता गालिचा. आई दारात तूरडाळ निवडत बसली होती. तिचा जन्म अक्कलकोटच्या बाजूला मेंढरांमागं गेलेला, विजेच्या वस्तूचा तिला भरवसा नाही.

"करंट बसंल गं बाई. पायात चप्पल तरी घाल की."

"वायर काढलीय आई."

"काढली असली तरी घाल."

मी घातली. जुनी डिस्क काढून नवी बसवली, पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं. निळा पडदा आला, भाषा विचारली, आणि सिस्टिम कुठं टाकायची त्या पानावर यादी रिकामी. डिस्क आहेच कुठं? मशीनच्या लेखी ती नव्हतीच. पुन्हा बंद, पुन्हा पत्रा. एक चपटी लाल केबल नुसती टेकलेली होती, आत गेलीच नव्हती. अंगठ्यानं दाबली तेव्हा टक् असा आवाज आला. या वेळी डिस्क दिसली.

दिसली, पण मशीन तिला घेईना. या डिस्कवर सिस्टिम टाकता येणार नाही, असा निरोप पडद्यावर. फोनवर शोधून, दोन व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले तेव्हा कळलं. डिस्कवर जागेची आखणी करायच्या दोन पद्धती असतात, एक जुनी, एक नवी. माझं मशीन नवी मागत होतं आणि या डिस्कवर जुनी आखलेली होती. कोरी डिस्क असती तर हे झालंच नसतं. म्हणजे ही आखणी दुकानदारानं चेक करताना केलेली. माझ्या कानशिलापर्यंत राग चढला.

आखणी पुसायची तर पडद्यावर एक काळी खिडकी उघडून तिच्यात हुकूम टाइप करावे लागतात. चुकीची डिस्क निवडली तर तीच पुसली जाते. यादीत दोनच होत्या, एक मोठी, एक छोटी. छोटा तो पेन ड्राइव्ह. तरी मी तीनदा वाचलं. क्लीन, म्हणजे पुसून टाक, असं लिहिलं आणि एंटर दाबलं. मग नव्या पद्धतीची आखणी करायचा हुकूम दिला. मशीननं मुकाट्यानं डिस्क घेतली आणि टक्के वर सरकायला लागले.

निम्मं झालं आणि लाइट गेली.

पंखा थांबला. आईनं सूप बाजूला ठेवलं. "सोड आता. भाऊ यील रविवारी, त्यो बघंल."

"न्हाय सोडत," मी म्हणाले. चिडले की माझ्या तोंडात आईचीच भाषा येते. "त्यो बघंल, ह्यो बघंल. मी का बघू न्हाय?"

आईनं उठून मला ताक आणून दिलं आणि सुपानं वारा घालत बसली.

लाइट आल्यावर पहिल्यापासून सगळं. या वेळी शंभर टक्के झाले, मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं, आणि पुन्हा तेच पहिलं पान. भाषा कोणती? मला वाटलं, संपलं, डिस्कच खराब. पाणी प्यायले, खोलीत फेऱ्या मारल्या. मग डोक्यात आलं, पेन ड्राइव्ह अजून मागं लावलेलाच आहे. मशीन आधी त्याच्याकडं जातंय, डिस्ककडं येतच नाही. मशीन बंद करून तो उपटला, बटण दाबलं. थोड्या वेळानं पडद्यावर माझं नाव विचारलं. मी ते मराठीतच लिहिणार होते, पण कीबोर्ड अजून मराठी झाला नव्हता.

जुन्या डिस्कमधली अर्धवट डिझाइनं गेली ती गेलीच. एक करडईच्या फुलांची किनार होती, ती मला फार आवडायची. परत काढली, पण तशी नाही जमली. कारखान्याचं काम मात्र वेळेत गेलं.

रविवारी भाऊ आला. जेवायच्या आधीच त्यानं मशीन चालू करून बघितलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. "कुणाकडनं करून घेतलंस?"

"मी केलं."

"तसं न्हवं अक्का, पण केलं कुणी?"

आई आतून ओरडली, "तिनंच केलं रं! मी हितं बसून बघितलं न्हवं का सगळं? हात धू, जेवायला बस."

पुढच्या आठवड्यात मी त्याच दुकानात गेले. दुकानात गर्दी होती, मी मुद्दाम गर्दीतच बोलले. "तुम्ही चेक करताना डिस्कवर जुनी आखणी करून ठेवली होती. माझ्या मशीनवर ती चालत नाही. मला ती पुसून पुन्हा आखावी लागली."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "होतं तसं कधीकधी."

"मग पुढच्या बाईला आधी सांगत जा."

त्याच्या टेबलावर एक मशीन उघडं पडलं होतं, त्याच्यात तो उगीचच वाकून बघायला लागला. मी एक माउस मागितला, दोन उघडायला लावून हातात धरून बघितले, आणि जो बरा वाटला तो घेऊन घरी आले.