जबाबातून गाळलेली गाठ

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. भिवंडीतलं हे एक मात्र जसंच्या तसं आठवतं, कारण त्यातली चूक माझी होती.

जबाब लिहायला आमच्याकडे एक हवालदार होता. पोलीस ठाण्यात त्याला रायटर म्हणतात. अक्षर सुरेख, पण साक्षीदार जे बोलेल ते सगळं उतरवायचा. त्यात सासूचं दुखणंही यायचं. एकदा मी त्याला नियम शिकवला. "हे वाक्य बघ. 'टेम्पो, जो निळा होता, गेटातून गेला.' दोन स्वल्पविरामांमधलं उचलून बाजूला ठेव. वाक्य उभं राहतं ना? मग ते फालतू. आता हे बघ. 'जो टेम्पो निळा होता तोच गेटातून गेला.' यातला निळा काढलास तर कुठला टेम्पो तेच कळत नाही. असलं ठेवायचं." नियम त्याच्या मनात बसला. आमचे जबाब एकेका पानात मावू लागले आणि वरिष्ठांनी बैठकीत माझं कौतुक केलं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

एका रविवारी भर दुपारी दापोड्यातल्या गोदामातून मिक्सरचे खोके गेले. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. सोमवारी सकाळी फिर्याद दाखल झाली आणि तासाभरातच ठाण्यात निनावी फोन आला. माल हमालांच्या मुकादमाने नेला, टेम्पो वडप्याला ढाब्यामागे उभा आहे. टेम्पो तिथेच सापडला. वर ताडपत्री बांधलेली, आत अर्धा माल. खबर देणाऱ्याचा नंबर त्यानंतर बंदच लागत होता, पण मिळालेल्या मालापुढे त्याची चौकशी मागे पडली.

गोदामाची किल्ली मुकादमाकडे असायची. चाळिशीचा माणूस, उत्तर प्रदेशातून आलेला, पंधरा वर्षं याच पट्ट्यात माल चढवत-उतरवत होता. संध्याकाळी त्याला अटक केली.

"संडे को दोपहर में कहाँ था?"

"कमरे पे, साहब. सो रहा था."

"किसने देखा?"

"सोते हुए आदमी को कौन देखता है, साहब?"

उत्तर बिनतोड होतं, पण त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

गोदामाची जागा शेजारच्या वळ गावातल्या एका शेतकरी कुटुंबाची. मालकाचा पुतण्या सोमवारीच ठाण्यात येऊन गेला. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात साखळी, मागे दोन माणसं. त्या दोघांचं काम फक्त मागे असणं. "एका दिवसात छडा, सायेब! तुमचा सत्कार तर होनारच," म्हणाला. दोषारोपपत्राआधी शाल ठरलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

मंगळवारी दुपारी मुकादमाला कोर्टात हजर करायचं होतं. कोठडी मिळाली असती, हमालीच्या ठेकेदाराने त्याचं नाव कापलं असतं, आणि या गोदामांच्या रांगेत त्याला पुन्हा कोणी उभं केलं नसतं. मी रिमांड रिपोर्ट लिहीत होतो. टेम्पो ओळखण्यासाठी आम्ही वळ गावच्या एका आजीला बोलावलं होतं. ती गोदामाच्या गेटासमोर सुकट विकायची, आणि टेम्पो जाताना पाहिलेली तेवढी एकच साक्षीदार होती. रायटरने तिला आदल्या दिवशीचा जबाब वाचून दाखवला. शेवटचं वाक्य नेहमीचं होतं: वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

"बरोबर न्हाय," आजी म्हणाली.

"काय बरोबर नाही?"

"गाठीचं कुठं गेलं? मी बोलली, टेम्पो, त्याला होरीची गाठ मारलेली व्हती, तो हायवेला गेला. मधलं कुनी खाल्लं?"

"आजी, ते अनावश्यक होतं," रायटर म्हणाला.

"मेल्या, माझा नवरा जल्मभर खाडीत होरी घेऊन गेला. तू मना गाठ शिकवतो?"

होरी म्हणजे होडी. मी पेन खाली ठेवलं. "आजी, ही गाठ कोण मारतं?"

"ज्याचा आजा खाडीत गेला, त्याचे हाताला येते. आता होऱ्या न्हायत, पोरं गाड्या बांधतात, पन हात तोच. हमालांना कशी येल? त्यांची गाठ येगली."

पंचनाम्याच्या वेळी ताडपत्रीची दोरी आम्ही कापली होती. पण हल्ली पंचनाम्याचं चित्रीकरण करावं लागतं. ते लावलं. त्यात बराच वेळ मी स्वतःच होतो, हात मागे बांधून गंभीर उभा. गाठ चारच सेकंद दिसली. आजीने बोट ठेवलं. "हीच."

आता प्रश्न सोपा झाला. खाडीकाठच्या कुठल्या माणसाला किल्ली मिळू शकते? जागा भाड्याने दिली तरी दुसरी किल्ली मालकाने आपल्याकडे ठेवायची, अशी या भागातली रीत आहे. ती मला ठाऊक होती, आणि तरीही मी मालकाला विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने पुतण्या मुकादमाला कोर्टात नेताना बघायला आला. जप्त टेम्पो आवारातच उभा होता. मी म्हटलं, "शेठ, ही ताडपत्री सारखी उडते. आमच्या पोरांना काही बांधता येत नाही."

"पोलिसांना येतं तरी काय, सायेब!" तो हसला, बाह्या वर सारल्या आणि दोन झटक्यांत दोरी आवळली.

पायरीवर बसलेली आजी कौतुकाने म्हणाली, "आज्याचा हात हाय रं तुजा!"

तोही खूश झाला. मग सगळे त्याच्याकडे न बघता गाठीकडे बघत आहेत, हे त्याच्या लक्षात आलं.

गाठ हा काही कोर्टातला पुरावा नाही. पण कुठे विचारायचं ते तिने दाखवलं. दुसरी किल्ली कुठे आहे, रविवारी दुपारी कुठे होतास, तो बंद नंबर कोणाचा, असे तीन प्रश्न मी तासभर फिरवून फिरवून विचारले. चौथ्यांदा तो खाली बसला आणि बोलू लागला. उरलेला माल त्याच्या वळमधल्या अर्धवट बांधकामात सापडला. हमालीचं काम त्याला स्वतःच्या माणसांना द्यायचं होतं आणि मुकादम जागचा हलत नव्हता. म्हणून मुकादमालाच चोर ठरवायचं, एवढाच बेत. निनावी खबरही पुतण्यानेच दिली होती.

मुकादमाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल आम्ही कोर्टात दिला आणि त्याच दुपारी तो सुटला. पण गेला नाही. टेबलापुढे उभा राहून म्हणाला, "साहब, कुछ लिख के दीजिए. ठेकेदार ऐसे नहीं लेगा."

अशा कागदाचा नमुना आमच्याकडे नाही. पकडल्याची नोंद करायला रकाने भरपूर आहेत. मी रायटरला साध्या कागदावर लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं: 'सदर इसम, ज्यास चोरीच्या संशयावरून अटक करण्यात आली होती, निर्दोष आहे.' मुकादमाला हिंदीत समजावून सांगितलं.

त्याने कागद परत माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "बीच वाला निकाल दीजिए, साहब. पढ़नेवाले को वही याद रहेगा."

कुठलं आवश्यक आणि कुठलं नाही, हे मी आयुष्यभर टेबलाच्या या बाजूने ठरवत आलो. ज्याचं पोट त्या वाक्यावर अवलंबून असतं, त्याला विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी तो कागद फाडला आणि दुसरा स्वतःच्या हाताने लिहिला: 'यांना कामावर घेण्यास आमची हरकत नाही.' खाली सही केली, ठाण्याचा शिक्का मारला.

त्याने शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, घडी खिशात ठेवली आणि घाईने निघाला. दापोड्यात दुसरी शिफ्ट सुरू व्हायला अर्धा तास होता.