प्रभाताईंनी घरी आणलेल्या बाया

प्रभाताई थूल यांच्यासमोर कुणी फोटो काढायला फोन उचलला की त्या आधी विचारायच्या, "हा जाते कुठी?" लग्नघर असो, नाहीतर विहारातला कार्यक्रम असो. समोरचा हसून म्हणायचा, "कुठं जाईल ताई, फोनमध्येच राहील." त्यावर त्या म्हणायच्या, "मले बी असंच वाटत होतं," आणि तोंड फिरवून घ्यायच्या. लोकांना वाटे, म्हातारपणी बाई संशयी झाली. मला कारण ठाऊक होतं.

वर्ध्याला आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या, मी वरच्या मजल्यावर. मी एका कॉलेजच्या संगणक विभागात काम करते. ताईंची सारी नोकरी एका लहानशा संस्थेच्या महिला मदत केंद्रात गेली. घरात मार खाणाऱ्या बाया तिथं येत. ताई त्यांना दवाखान्यात नेत, ठाण्यात बसत, कोर्टात उभ्या राहत, आणि सगळ्यात आधी त्यांच्या जखमांचे फोटो काढत. "जखम भरून जाते वं," त्या सांगायच्या, "मंग कोनी मानतच नाई का मारलं होतं म्हणून." सुरुवातीला फोटो स्टुडिओत धुवून घेत आणि लोखंडी कपाटात ठेवत. कपाटाची किल्ली कायम कमरेला. पुढे हातात स्मार्टफोन आला आणि ताई त्यावरच फोटो काढू लागल्या. मुलानं पुण्याहून येऊन फोन नीट लावून दिला होता, "आता काही हरवणार नाही आई," असं सांगून. खरंच काही हरवलं नाही. प्रत्येक फोटो आपोआप एका मोठ्या कंपनीच्या साठ्यात जाऊन बसत होता, आणि ताईंना त्याची कल्पना नव्हती.

निवृत्तीनंतर मुलानं मोठा टीव्ही घेऊन दिला आणि तोही त्याच खात्याला जोडला. नातवाच्या वाढदिवसाला घरात पाहुणे होते, मीही होते. केक कापून झाला होता, बायका बशा भरत होत्या, टीव्ही नुसताच चालू होता. त्यावर एकाएकी गोड संगीत सुरू झालं, "आठवणीतले क्षण" अशी अक्षरं आली आणि फोटो सरकू लागले. नातू, मोगऱ्याची कुंडी, सेवाग्रामच्या रस्त्यावरचं एक झाड, आणि मग एका बाईचा चेहरा. डोळा सुजून बंद झालेला, ओठ फाटलेला. सुनेची मावशी अल्लीपूरहून आली होती. ती पुढे वाकून म्हणाली, "अगं बाई, हे तर आमच्या गल्लीतली सुनंदा! काय झालतं वं हिले?"

ताईंनी रिमोट शोधला नाही. सरळ भिंतीतून वायर ओढून काढली. मग वायर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मावशीनं पुन्हा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुमी पाह्यलं नाई असं समजा." पण पाहिलेलं परत घेता येत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांनाच कळत होतं.

सुनंदा काही वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून, लहान मुलीला घेऊन माहेरी अल्लीपूरला आली होती. तिथं तिनं शिवणकाम सुरू केलं. नवरा सुरतेला कामाला असतो, एवढंच तिनं गावाला आणि मुलीलाही सांगितलेलं. तिचं खरं काय ते ताईंना ठाऊक होतं, आणि आता मावशीला.

दुसऱ्या दिवशी ताई वर माझ्याकडे आल्या. डोळे खाली. "रेखा, तुले कॉम्प्युटर समजते ना? मले माह्या बाया घरी आणायच्या हाय."

मी त्यांचं खातं उघडून दाखवलं. वाटलं होतं त्याहून वाईट होतं. कंपनीच्या त्या यंत्रणेनं चेहरे वेगळे काढून गोल चौकटींत ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकाखाली विचारलं होतं, ही व्यक्ती कोण आहे, नाव द्या. सुनंदाचा सुजलेला चेहरा आणि बरी झाल्यावरचा हसरा चेहरा एकाच चौकटीत होते. ताईंनी त्यावर बोट ठेवलं. "केंद्रात दुसऱ्यांदा आली तवा मीच इले ओळखलं नोतं," त्या म्हणाल्या. "यानं ओळखलं." मग पदर तोंडाला लावला. "कपाटाची किल्ली कमरेले लावून फिरली मी, आन इकडे फोन सगळं बाहेर पोचवून राह्यला होता."

मी एक छोटा संगणक आणला, डब्याएवढा, त्याला दोन हार्ड डिस्क जोडल्या. फोटो आपल्याच घरात, आपल्याच डब्यात राहणार, एक डिस्क बिघडली तर दुसरीवर असणार, आणि बाहेरच्या कुणाला त्यात शिरता येणार नाही, असं ताईंना समजावलं. मला वाटलं, सगळं काम मीच करून देईन. ताई म्हणाल्या, "नाई. तू शिकव, करतो मी. या बायांनी तोंड मले दाखवलं होतं, तुले नाई." मग मी पडद्याकडे पाठ करून बसायचे आणि त्या मागून विचारायच्या, "आता काय दाबू?" कंपनीकडून फोटो मोठमोठ्या गठ्ठ्यांनी उतरत होते. एकच फोटो तीनतीनदा येई, तारखा इकडच्या तिकडे होत, मधेच वीज जाई आणि गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून उतरवावा लागे. एप्रिलचं ऊन, कूलरची घरघर, आणि चष्मा नाकावर ओढून एकेक चेहरा आपल्या जागी ठेवणाऱ्या ताई. मी कंटाळायचे, त्या नाही. एखाद्या फोटोपाशी थबकून कुणाची तरी माफी मागितल्यासारखं पुटपुटायच्या. काय ते मी कधी विचारलं नाही.

शेवटी कंपनीकडचं सगळं कायमचं मिटवायचं बटण आलं. ते दाबून त्यांनी विचारलं, "मिटलं?"

"कंपनी म्हणते मिटलं."

"आन तू काय म्हणतं?"

"मला तिकडचं दिसत नाही, ताई."

त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मंग सुनंदाले बी असंच सांगा लागन."

अल्लीपूरला मीही सोबत गेले. सुनंदा मशीनवर बसलेली. आम्हाला पाहून तिनं पायडल थांबवलं नाही. बातमी गावात आधीच पोचली होती. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायका आता नवऱ्याची चौकशी करत होत्या. दहावीतल्या मुलीला शाळेत कुणी तरी विचारलं होतं आणि तिनं घरी येऊन आईला. ताईंनी घडलं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सुनंदाताई, हे आपोआप झालं, यंत्रानं केलं..."

"तू नोको बोलू," ताईंनी मला थांबवलं. "फोन माह्या हातात होता."

सुनंदानं मशीन थांबवलं. "तुमी फोटो काढला तवा माह्यासाठी काढला," ती म्हणाली. "केस मिटली. मंग ठेवला कोनासाठी?"

पुरावा, नोंद, सवय, ताईंना काहीही म्हणता आलं असतं. त्यांनी हात जोडले. सुनंदानं बसा म्हटलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. निघताना म्हणाली, "माह्या डोळ्यादेखत मिटवा."

ती वर्ध्याला आली. ताईंनी तिला खुर्चीवर बसवलं, कुठं दाबायचं ते दाखवलं आणि आम्ही दोघी बाहेर थांबलो. तिनं दोन्ही डिस्कवरचा आपला चेहरा स्वतः मिटवला. बाहेर येताना त्या डब्याकडे पाहून म्हणाली, "एवढ्याशात आमी सगळ्या?" ताईंनी मान हलवली. सुनंदा चप्पल घालून निघून गेली.

त्यानंतर ताई एकेका बाईकडे जाऊ लागल्या. पत्ता सापडेल तिथं, एसटीनं, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून. ठेवू, देऊ की मिटवू, एवढंच विचारायला. आंजी गावच्या रंजनानं सांगितलं, "ठेवा ताई, माही तारीख चालू हाय कोर्टात. पर मले इचारल्याबिगर कोनाले दाखवू नका." परतताना ताई म्हणाल्या, "हे तिनं सांगायच्या आधी म्या इचारायले पायजे होतं. पयल्याच दिवशी." काहींनी तोंडावर दार लावलं. मी एकदा म्हटलं, आता पुरे, किती लाजवून घ्याल स्वतःला? तर म्हणाल्या, "लाज वाटते म्हणून घरात बसली, तर त्या लाजेचा उपेग काय?" गावातल्या एका मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला होता. त्यांनी निरोप पाठवला, "शाल कोन्या तोंडानं घेऊ? नाव काढून टाका."

पुढे मूत्रपिंडाच्या आजारानं त्यांना अंथरुणाला खिळवलं. डब्याचा पासवर्ड त्यांनी मला कानात सांगितला. "ज्यायचा पत्ता नाई लागला, त्यायले शोधजो. माह्या पोराले सांगू नोको, तो लावून देईन कुठी तरी." हे बोलून त्या हसल्या होत्या. कितीतरी दिवसांनी.

त्या गेल्या. पुण्यानुमोदनाला बरीच माणसं आली, त्यांत पुष्कळ अनोळखी बाया होत्या. सुनंदा आली नाही. डबा मी वर माझ्या घरी आणून ठेवला आणि खरं सांगायचं तर त्याला हात लावायचं धाडस होईना. उरलेल्या बाया मी कुठं शोधणार होते? मला ना त्यांची गावं ठाऊक, ना नावं, आणि चेहरे पाहायचा तर मला हक्कच नव्हता.

काही महिन्यांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. "सुनंदा बोलतो, अल्लीपूरहून. त्या डब्यात अजून कोन कोन हाय?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, मी उघडला नाही.

"मी ओळखतो त्यायले. केंद्रात संगंच बसत होतो आमी," ती म्हणाली. "ताईले माफ नाई केलं मी. ते होत नाई माह्यानं. पर बाकीच्यायले कोनी तरी इचारलं पायजे ना."

रविवारी ती आली. मी खुर्ची दिली, पासवर्ड टाकून दिला आणि पाठ करून बसले. मागून पहिलं नाव आलं, गाव आलं. मग तिनं विचारलं, "इकडून त्या गावाले एसटी किती वाजता हाय?"