‘निळा वणवा’चं शेवटचं पान

दादाचा जबडा डावीकडे किंचित वाकडा आहे. लहानपणी सायकलवरून पडलो, असं तो लोकांना सांगतो. आमच्याकडे सायकल कधीच नव्हती. बाबा होते.

पट्टा, चप्पल, खुर्चीचा तुटका पाय, बाबांना काहीही चालायचं. जबडा मोडला त्या दिवशी दादा दाराआड बसून ‘निळा वणवा’ या चित्रकथेचा नवा अंक वाचत होता. त्यातल्या नायकाला लहानपणी त्याच्याच बापाने मारून मारून घराबाहेर काढलेलं असतं. आता त्याच्या मुठीत लोखंड वाकवण्याची ताकद आलेली असते आणि तो बापाच्या दारात येऊन उभा राहतो. दादा तिथवर पोहोचला आणि बाबा कामावरून आले. त्यांनी अंक हिसकावला, उलटापालटा करून पाहिला आणि दादाला असं काही तुडवलं की मी भीतीने पाटावरच ओली झाले. मग अंक चुलीत गेला. शेवटचं पान दादाचं वाचायचं राहिलं.

तो अंक निघाला आणि छापखाना बंद पडला. पुढचा अंक आलाच नाही, आणि होता तोही टिकला नाही. कागद हलका, पोरांनी फाडला, आयांनी रद्दीत घातला, उरलेला वाळवीने खाल्ला. आता मोठमोठे लोक असल्या अंकांसाठी जीव टाकतात. संग्राहक म्हणतात त्यांना. त्यांच्यातही हा अंक पाहिलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

दादा जुन्या इमारती पाडायचं काम करतो. घण घेऊन आत शिरला की तो आधी माळ्यावर चढतो. म्हणून एवढ्या धिप्पाड माणसाला कामावर सगळे उंदीर म्हणतात. पडक्या माळ्यांवरून त्याने ‘निळा वणवा’चे बाकी कितीतरी अंक काढले. हवा तो मिळाला नाही. एकदा संग्राहकांच्या मेळाव्यात एकाने त्याला मुखपृष्ठ त्या अंकाचं आणि आतली पानं दुसऱ्याच अंकाची असा माल दाखवला. दादाने त्याचं डोकं टेबलावर आपटलं. रक्त मुखपृष्ठावर उडालं तेव्हा आजूबाजूचे लोक कळवळले, पण मुखपृष्ठासाठी.

दादाला अंक नको होता, पान हवं होतं. बापाचा मार खाल्लेल्या मुलाच्या अंगात बळ आलं, तर त्याने बापाचं काय करायचं? याचं उत्तर त्या पानावर आहे, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. आणि तोवर बाबा अर्धांगाने खाटेला खिळले होते. त्यांना उठवणं, धुणं, त्यांची दाढी करणं, सगळं दादाच करायचा. कधी कधी वस्तरा गळ्यापाशी आला की त्याचा हात थांबायचा, नको तितका वेळ. हा एक दिवस बाबांना मारणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग कळलं की एका दातांच्या डॉक्टरकडे तो अंक आहे. आम्ही दवाखान्यात गेलो. मी दातासाठी नाही, दादाला आवरायला गेले होते. अंक भिंतीवर टांगलेला, जाड प्लास्टिकच्या बंद पाकिटात. या संग्राहक लोकांची रीतच अशी की पाकीट एकदा बंद झालं की कुणी फोडायचं नाही. फोडलं तर भाव पडतो. अंक बंदच्या बंद एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

“शेवटचं पान वाचू द्या. इथेच, तुमच्यासमोर,” दादा म्हणाला.

“अहो, हे काय वाचायचं असतं?” डॉक्टर हसले. “वाचायचंय तर बाहेर मासिकं ठेवली आहेत.”

दादाने हात वर करून पाकीट खेचलं. डॉक्टरांनी हातातलं टोकदार हत्यार सरळ त्याच्या दंडात खुपसलं. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच पळाला. दादाने ते उपसून फेकलं, डॉक्टरांची बोटं टेबलाच्या खणात धरली आणि खण मांडीने बंद केला. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी दादाला मागून ओढत होते, पण भिंत ओढावी तसं चाललं होतं. त्याने दातांनी पाकीट फाडलं आणि पानं उलटली.

शेवटचं पान नव्हतंच. कुणीतरी कधीच फाडून नेलं होतं. इतक्या जणांनी तो अंक मिरवला आणि एकानेही उघडून पाहिला नव्हता. डॉक्टर खाली बसून रडत होते, बोटांसाठी की अंकासाठी, देव जाणे.

दादा घरी पोहोचला तो दंडातून रक्त गळत. सरळ खाटेपाशी गेला, अंक बाबांच्या छातीवर फेकला आणि सदऱ्याला धरून त्यांना अर्धं उचललं. बाबांना अक्षरओळख नाही, म्हणून इतक्या वर्षांत त्यांना काही विचारावं हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“जाळलात ना तुम्ही? शेवटच्या पानावर काय होतं?” त्याची मूठ वर गेली.

बाबांनी अंकाकडे पाहिलं, मग मुठीकडे. त्यांची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

“हेच. म्हातारा खाली, पोराची मूठ वर.”

“पुढे?”

“पुढे काय. पोराच्या तोंडापाशी फुग्यात काहीतरी लिहिलं होतं. मला कुठे वाचता येतंय? मला वाटलं, मारतोय. म्हणून जाळलं.”

मी मध्ये पडले नाही. खरं सांगते, ती मूठ पडावी असं मला वाटत होतं. बाबांनी डोळे मिटून घेतले. असे डोळे मिटून आम्ही दोघं किती वेळा उभे राहिलो होतो.

दादाची मूठ उघडली. त्याने बाबांना उशीवर टेकवलं आणि स्वतः जमिनीवर बसला. बऱ्याच वेळाने बाबांनी एक डोळा उघडला.

“नाही मारत?”

“नाही.”

“मग उगाच जाळलं मी,” बाबा म्हणाले.