पंधरा तासांचा सराव

आमच्या विमान तिकिटांच्या ऑफिसखालीच इस्त्रीवाल्या मावशींचं दुकान आहे. तीस वर्षं उभ्याने इस्त्री करून त्यांचे गुडघे असे झालेत, की उभं राहायला काही वाटत नाही, बसायचं म्हटलं की जीव जातो. नवरा लवकर गेला. या इस्त्रीवरच त्यांनी मुलाला इंजिनियर केलं. सहा वर्षांपूर्वी तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तो गेलाच, एकदाही परत आला नाही. "आई, विमानात पंधरा तास एका जागी बसावं लागतं, तुझ्या गुडघ्यांना नाही झेपायचं," मावशींनी 'मी येऊ का?' विचारलं की हे त्याचं ठरलेलं उत्तर.

दुसरी एखादी रडत बसली असती. मावशींनी बसण्याचा सराव सुरू केला! दर सुट्टीला दुकानाचं शटर अर्धं ओढायचं आणि पोटाला नवऱ्याचा जुना पट्टा बांधून लाकडी खुर्चीवर बसायचं. आधी दोन तास, मग पाच. "आज नऊ झाले गं," असं जिन्यात मला सांगायच्या आणि मी हसायचे. मुलगा सातासमुद्रापार असणार, असं मी धरूनच चालले होते. कुठलं शहर, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. दिवसभर लोकांना अंतरं सांगणारी मी!

सोमवारी त्या धापा टाकत वर आल्या.

"काल पहाटे पाच ते रात्री आठ. जमलं बघ! काढ तिकीट. त्याला कळवणार नाही, एकदम दारातच उभी राहणार."

त्यांनी शहर सांगितलं. मी टाइप केलं आणि बघतच राहिले. अंतर अकराशे किलोमीटर. वेळ एक तास पन्नास मिनिटं.

"नीट बघ. मधे कुठे उतरावं लागत असेल."

"थेट आहे, मावशी. दिवसाला चार विमानं जातात."

"एवढ्यात तर माझं एक गाठोडंही संपत नाही," म्हणून त्या हसल्या. पण मी दिलेलं पाणी तसंच हातात राहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लावा फोन! आत्ताच्या आत्ता विचारा त्याला!"

त्यांनी लावला. "मी येऊ का रे तुझ्याकडे?"

"आई, किती वेळा सांगू? पंधरा तास लागतात. वेड लागलंय का तुला?"

मावशी माझ्या स्क्रीनकडे बघत होत्या.

"हो रे बाळा. लांबच आहे," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"अहो, धडधडीत खोटं बोलतोय तो!" मी जवळजवळ ओरडलेच.

"कळलं गं मला. पण लांब आहे म्हणून तो येत नाही, एवढं तरी राहू दे. जवळ आहे म्हटलं, तर का येत नाही, ते तू सांगशील मला?"