बैठ्या कामाचा डोस

माझ्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला एक नस आहे आणि तिला वारा सहन होत नाही. थंडीत आमच्या रांझीच्या वस्तीतून स्कूटरवर मागे बसून निघालं की मी गालावर शाल दाबून धरायची. तरी वाऱ्याला कुठून तरी फट सापडायचीच आणि विजेचा झटका बसावा तशी कळ जबड्यातून डोळ्यापर्यंत जायची. दात घासताना जायची, पोळी चावताना जायची, कुणी "कशी आहेस?" विचारलं तर "बरी आहे" म्हणतानासुद्धा जायची. आधी दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढली. मग तिच्या शेजारची काढली. दुखणं नसेचं आहे हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत माझ्या दोन धडधाकट दाढा गेल्या.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, पण माझा जीव अडकलाय तो दुसऱ्याच कामात. नुसत्या षट्कोनांनी चेंडू झाकता येत नाही, मधे पंचकोन घालावेच लागतात. कोणताही फुटबॉल हातात घेऊन बघा. अणूंची जाळी वाकड्या पृष्ठभागावर बसवली की तिच्यातही असेच दोष येतात. पृष्ठभाग वाकवत नेला तर ते दोष कसे सरकतात, एकमेकांना का ढकलतात, जणू स्वतंत्र कणच असल्यासारखे का वागतात, हे मी शोधते. मूलकणांवर काम करणारे लोकही हीच भूमिती वापरतात. माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. कागद आहे, आणि डोक्यात धरलेला एक आकार. काठोकाठ भरलेली परात न सांडता फिरवावी तसा तो फिरवत राहायचा, एवढंच काम.

हे काम आहे असं आमच्या वस्तीत कुणालाच वाटत नाही. इथे काम म्हणजे फॅक्टरीचा भोंगा झाला की डबा घेऊन निघायचं. माझा नवरा खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बारूद भरण्याच्या सेक्शनमधून रिटायर झाला. जेवणाच्या टेबलाशी बसून भिंतीकडे बघणाऱ्या बाईला कामात आहे म्हणणार कोण? शेजारीण सरळ आत येते, "भाभी, खाली बैठी हो ना?" म्हणते आणि मटार सोलायला माझ्यापुढे ठेवते. मला राग यायचा आणि अजूनही येतो.

त्या हिवाळ्यात माझी एक सिद्धता शेवटच्या पायरीवर अडली होती. दूरच्या एका संस्थेतला एक सहकारी माझ्यासोबत तिच्यावर काम करत होता. माझ्याहून तरुण, हुशार आणि सभ्य. ती एक पायरी चढलो असतो तर काम पुरं झालं असतं. आणि नेमकं तेव्हाच दुखणं इतकं वाढलं की मला तोंड उघडवेना. नवरा मला कांचघर भागात नसांच्या दुखण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

या डॉक्टरांकडे येणारे अर्धेअधिक लोक फॅक्टरीतले. त्यामुळे त्यांची एक पद्धत होती. नसांच्या गोळीने गुंगी येते आणि बारुदीशी बसलेल्या माणसाला डुलकी परवडत नाही, म्हणून ते नाव विचारायच्या आधी काम विचारायचे. सेक्शन धोक्याचा असेल तर डोस कमी, बैठं काम असेल तर पुरा. पद्धत शहाणपणाचीच होती, मी तिला नावं ठेवत नाहीये.

"ड्यूटी क्या है इनकी?" त्यांनी विचारलं.

मी गालावर हात धरून बसले होते. बोलले तर कळ उठणार होती. माझ्या वतीने नवराच बोलला, "कुछ नहीं सर, थोड़ा कॉलेज जाती हैं। बाकी घर पे बैठे-बैठे का काम है।"

"फिर तो कोई दिक्कत ही नहीं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुरा डोस लिहून दिला.

खोटं कशाला बोलू, गोळीने स्वर्ग दाखवला. आठवडाभरात मी दात घासताना रडले, दुखतं म्हणून नाही, दुखत नाही म्हणून. तिळाची कडक गजक चावून खाल्ली. शाल न दाबता स्कूटरवर बसले. मग एका सकाळी टेबलाशी बसले, आकार डोक्यात घेतला, फिरवायला गेले आणि तो सांडला. पुन्हा घेतला, पुन्हा सांडला. कॉलेजातले जुने धडे तोंडपाठ होते, ते चालले. हे नाही चाललं. सहकारी फोनवर एकच गोष्ट तीनदा समजावू लागला, आवाज न चढवता. एके दिवशी म्हणाला, "मॅडम, तुम्ही विश्रांती घ्या, पुढचं मी बघतो." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी एकटीच कांचघरला गेले. डॉक्टरांना म्हणाले, बारुदीच्या सेक्शनवाल्याला देता तेवढाच डोस मला द्या.

"दर्द लौटेगा, मैडम।"

"लौटने दीजिए।"

ते हसले. माणूस वाईट नव्हता. "आपके काम में कौन सा धमाका हो जाएगा?"

मी जुनी चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी डोस कमी केला आणि चार दिवसांत कळ पहिल्यासारखी घरी परतली. पोळीचा घास तोंडात अडकलेला नवऱ्याने बघितला.

"काहून कमी केली गोळी? कोणी सांगितलं होतं तुले?"

"काम होत नव्हतं माझं."

"कोणतं काम?" तो चिडून विचारत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी थांबत थांबत, गाल धरून म्हणाले, "तुमची कंबर धरली होती तेव्हा तुम्ही ड्यूटीवर गोळी घेत नव्हतात. कळ सोसून जात होतात. तेव्हा सगळी कॉलनी कौतुक करत होती तुमचं."

"अगं, ते ड्यूटी होती," तो म्हणाला. मग थोडा विचार करून, समजुतीच्या सुरात, "हे तर तुझं वाचणं-लिहिणं आहे ना."

इतक्या वर्षांच्या संसारात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढे एका दुपारी कळ येत होती, जात होती, आणि दोन कळांच्या मधे तो आकार पुरा फिरला. दोष कुठे जाऊन थांबणार ते मला लख्ख दिसलं. शेवटची पायरी मी एका दमात लिहून काढली, तिचा फोटो सहकाऱ्याला पाठवला आणि टेबलावर डोकं टेकून बसले. आनंदाने ओरडावंसं वाटत होतं, पण तोंड उघडणं शक्य नव्हतं. नवरा आत आला. त्याने विचारलं, "दुखून राहिलं का लय?" मी होकारार्थी मान हलवली. काम झालं हे मानेने सांगता येत नाही. तो धावत जाऊन पुरी गोळी आणि पाणी घेऊन आला. मी ती घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली, तिसऱ्याही, मग रोजच.

आठवड्याने सहकाऱ्याचा फोन आला. त्याने सगळं तपासलं होतं, सगळं बरोबर होतं. "मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं? इथून तिथे उडी कशी घेतलीत?" मी कागद समोर ओढला. अक्षर माझंच होतं. पहिली ओळ समजली, दुसरी समजली, तिसरीवर हातातून सगळं निसटलं. मग तोच मला उलगडून सांगू लागला, माझीच पायरी, सावकाश, शाळेतल्या मुलीला सांगावी तशी. मी हो हो म्हणत राहिले. असंच सुचलं, म्हणाले.

फोन ठेवला तर नवरा समोर बसून कौतुकाने बघत होता.

"पाहा," तो म्हणाला, "किती मोकळी बोलून राहिली होतीस. एकदा तरी गालाले हात लावला का?"