उकळलेल्या बाटल्या

पाळणाघरवाल्या मावशींना स्वच्छतेचं भारी वेड. मुलांच्या प्लास्टिकच्या बाटल्या त्या दर खेपेला खळखळ उकळायच्या आणि कढत दूध त्यातच ओतून निवत ठेवायच्या. बाटल्यांची रोज कढत पाण्याने आंघोळ होते, आपल्याला मात्र कोमटावर भागवावं लागतं, अशी त्यांच्या नवऱ्याची कुरकुर असायची. गोळ्या-चॉकलेटांना त्यांच्या दारात मज्जाव होता. माझ्या हातचं पोर दाताच्या डॉक्टरकडे जाणार नाही, असं त्या आयांना छातीठोकपणे सांगत.

चिमणी त्यांच्याकडे तान्ही आली आणि शाळेत जाईपर्यंत राहिली. पुढे तिला पक्क्या दाढा आल्या, त्या पिवळट, खडूसारख्या. गार पाणी लागलं की पोर कळवळायची. एकदा जेवताना दाढेचा टवकाच उडाला. तिची आई तडक पाळणाघरात आली आणि चारचौघींसमोर म्हणाली, "लपूनछपून गोड चारत होतात ना तिला?"

मावशींच्या ते फार जिव्हारी लागलं. मायलेकींबरोबर त्याही हट्टाने दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी तपासून सांगितलं, की ही कीड नव्हे. तान्हेपणी दाढा हिरडीच्या आत घडत होत्या, तेव्हाच त्यांचं वरचं कवच कच्चं राहिलं. ताप, औषधं, कारणं बरीच असू शकतात. मग त्यांनी विचारलं, बाळ दूध कशातून प्यायचं? मावशींनी अभिमानाने बाटल्या उकळण्याचं वर्णन केलं. काही प्लास्टिकमधून, तापवलं की जास्तच, अशी रसायनं उतरतात जी शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात, असं बाई म्हणाल्या. उंदरांच्या दातांवर परिणाम दिसलाय, माणसांबद्दल अजून खात्री नाही.

"म्हणजे हे मी केलं?" मावशींनी विचारलं.

"तसं सांगता येत नाही. आणि नाही केलंत, असंही सांगता येत नाही."

घरी येताच मावशींनी सगळ्या बाटल्या टाकून दिल्या आणि स्टीलच्या वाट्या-चमचे आणले. पण बाटलीला सोकावलेली पोरं चमचा थुंकायची, अंगावर सांडायची, रडून घर डोक्यावर घ्यायची. आयांनी आधी कौतुक केलं, मग तोंडं वाकडी केली. समोर नवं पाळणाघर निघालं होतं, बाटल्या गरम करायच्या यंत्रासकट. एकेक पोर तिकडे गेलं.

चिमणीला भाऊ झाला, तेव्हा तिची आई त्याला घेऊन मावशींकडेच आली. पिशवीत प्लास्टिकची बाटली होती.

"चिमणीच्या दाढा विसरलीस का गं?"

"सिद्ध कुठे झालंय, मावशी? आणि सकाळच्या घाईत वाटी-चमचा घेऊन कोण बसणार?"

मावशी म्हणाल्या, बाळ ठेवून घेते, पण बाटली परत ने. आईने बाळ कडेवर सावरलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या दारात गेली.

त्यानंतर पाळणाघर फार दिवस चाललं नाही. चिमणीच्या दाढांवर आता धातूच्या टोप्या आहेत. रस्त्यात भेटली की ती तोंडावर हात धरून हसते. हल्ली ती दिसली, की मावशी गल्ली बदलतात.