दोन बिनचिठ्ठीचे डबे

आमच्या हिचा धंदा गिअरबॉक्सचा. गाडीत बाकी काहीही बिघडलं तर ही सरळ हात वर करते, पण गिअर अडकतोय म्हणालात तर भरल्या ताटावरून उठेल. तिचे वडील, अण्णा, हेच काम करायचे. त्यांच्या हाताखाली ती शिकली आणि त्यांच्यामागे वर्कशॉप तिनेच चालवलं. गिऱ्हाइकं तिला गिअरताई म्हणतात. मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मला अजून पान्यांचे नंबर कळत नाहीत, आणि ही गोष्ट ती चारचौघांत आवर्जून सांगते.

तिच्याकडे येतात त्या बहुतेक जोरकस इंजिनाच्या, वेगात पळवायच्या गाड्या. त्यांचे मालक म्हणजे एकेक नग. तेल बदलायला येताना बाजारातला सगळ्यात महागडा डबा काखेत मारून येतात. डब्यावर प्रतीचा आकडा चारच्या जागी पाच असला की ते तेल जास्त भारी, अशी त्यांची पक्की समजूत. ही तो डबा परत त्यांच्या काखेत देते.

"हे मागच्या ॲक्सलला घाला," म्हणते. "तिथे दातावर दात रगडतात, तिथे गंधक लागतं. गिअरबॉक्समध्ये गिअर पकडणाऱ्या पितळी रिंगा आहेत. हे गंधक त्यांना खातं. आणि तेल इतकं निसरडं असल्यावर रिंग पकडणार कशी? गिअर करकरणारच."

ही दोन्ही तेलं वर्कशॉपात फळीवर असायची, एकसारख्या पत्र्याच्या दोन डब्यांत. कुठल्या डब्यात कुठलं हे कुठेही लिहिलेलं नाही. सासऱ्यांना धास्ती होती की समोरचा गॅरेजवाला चिठ्ठी वाचेल आणि आपण कुठलं तेल वापरतो ते त्याला कळेल. म्हणून पिंपातून डब्यात ओतायचं, पिंप भंगारात द्यायचं आणि तेल वासावर ओळखायचं. हिनेही तेच पुढे चालवलं. झाकण काढून डबा एकदा नाकाशी धरला की झालं. मी कितीदा म्हटलं, आमच्या प्रयोगशाळेत चिठ्ठीशिवाय साधं पाणीसुद्धा ठेवत नाहीत. त्यावर उत्तर ठरलेलं. "तुमच्याकडे कॉलेजची मुलं असतात. इथे मी असते."

दोन महिन्यांपूर्वी तिला ताप आला. दहा दिवस ती अंथरुणात आणि वर्कशॉप बंद. मला वाटलं, चला, तेवढ्यात फळी रंगवून टाकू. रंगवली. शाबासकी मिळेल या आशेवर होतो, पण बरी होऊन आल्यावर ती "रंग बरा आहे" एवढंच म्हणाली आणि कामाला लागली.

परवा शनिवारी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. आतून करपल्याचा वास आला. धावत गेलो तर गॅसवर दुधाचं पातेलं कोळसा होत चाललेलं, आणि ही त्याच्यापासून हातभर अंतरावर फोन घेऊन बसलेली.

"अगं, दूध! नाक कुठे गहाण टाकलंस?" मी ओरडलो आणि गॅस बंद केला.

तिने पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला रडू कोसळलं. ही बाई स्वतःच्या बोटावर पाना पडला तरी रडत नाही.

"मला वासच येत नाही," ती म्हणाली. "ताप उतरला तेव्हापासून. कसलाच नाही."

"दोन महिने? आणि मला हे आत्ता सांगतेस?" माझा आवाज चढला. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही वर्कशॉप बंद कर म्हणाला असतात."

म्हणालो असतो. 

फोन दातांच्या डॉक्टरीणबाईंचा होता. आठवडाभर लोकांचे दात काढायचे आणि रविवारी घाटातल्या शर्यतीत गाडी पिटाळायची, असा त्यांचा क्रम. आठ दिवसांपूर्वी हिने त्यांचं गिअरऑइल बदललं होतं आणि आता दुसरा गिअर करकरतोय, असं त्या म्हणत होत्या.

"मग इतके दिवस तेल ओळखत कशी होतीस?" मी विचारलं.

"जागेवरून. डावीकडचा डबा गिअरबॉक्सचा, उजवीकडचा ॲक्सलचा. अण्णांपासून तसंच आहे."

रंगवताना दोन्ही डबे मीच खाली काढले होते आणि मीच परत ठेवले होते. कुठला कुठे ठेवला, काही केल्या आठवेना. सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बोटांवर मोजत बसली.

"अकरा गाड्या," ती म्हणाली. "पितळ लगेच नाही जात हो. हळूहळू खाल्लं जातं. तक्रार यायची ती सहा महिन्यांनी."

आम्ही तडक वर्कशॉपात गेलो. मी दोन्ही झाकणं उघडून हुंगलं. दोन्ही सडक्या अंड्यांसारखी, कारण थोडं गंधक गिअरबॉक्सच्या तेलातही असतंच. आधी म्हणालो डावं जास्त उग्र, मग म्हणालो नाही, उजवं. तिसऱ्यांदा तर मला काहीच कळेना. दोन्हींचा रंग एक, दाटपणा एक. माझ्या नाकाच्या भरवशावर अकरा गाड्या सोडायला ती तयार नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं.

तेव्हा मला तांबं आठवलं. ॲक्सलच्या तेलातलं असतं तसलं जहाल गंधक उष्णतेत तांबं काळं करतं, हे मी वर्षानुवर्षं मुलांना दाखवत आलोय. कॉलेजातून तांब्याच्या दोन पट्ट्या आणि दोन परीक्षानळ्या आणल्या. पट्ट्या पॉलिशपेपरने लखलखीत घासल्या, नळ्यांत तेल भरलं, आणि नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. या वेळी चिठ्ठ्यांना तिची हरकत नव्हती. करपलेलं पातेलं तसंही वाया गेलं होतं. तेच घरून आणून वर्कशॉपातल्या शेगडीवर त्यात पाणी उकळत ठेवलं आणि नळ्या तीन तास उभ्या केल्या.

त्या तीन तासांत तिने एका कागदावर अकरा गाड्यांची यादी केली, पुढे फोन नंबर लिहिले. "चुकलं असेल तर प्रत्येकाला मी स्वतः सांगणार," म्हणाली. "गिअरबॉक्स पदरमोड करून उघडीन. पण तोंड लपवणार नाही." माझ्या एका रंगाच्या ब्रशाने तिच्या बापाचं चाळीस वर्षांचं नाव धुऊन निघणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

साडेसहाला चिमट्याने पट्ट्या काढल्या. उजवीकडच्या डब्यातली काळपट तपकिरी झाली होती. डावीकडच्या पट्टीवरचं तेल पुसून पाहिलं. घातली तशीच झळझळीत.

"डबे जागेवरच आहेत!" मी म्हणालो. माझा जीव भांड्यात पडला. तिने पट्टी माझ्या हातून ओढून घेतली, खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिली, आणि मग मटकन खुर्चीत बसून हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला.

मग तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि क्लचच्या पेडलखाली काही आहे का ते बघायला सांगितलं. त्यांनी नवी जाड चटई टाकली होती. तिची घडी पेडलखाली जात होती, क्लच पुरता दाबला जात नव्हता. चटई काढल्यावर गिअर लोण्यासारखा पडला. बाई इतक्या मोठ्याने हसल्या की मला टेबलापलीकडे ऐकू आलं.

डब्यांवर चिठ्ठ्या मी लगेच लावल्या. तिने दोन्ही वाचून पाहिल्या आणि अक्षर मोठं काढा म्हणाली.

घरी आल्यावर ती नेहमीसारखी हात धुवायला गेली आणि बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. मी पाहायला गेलो. ती ब्रशने हात घासत होती, बोटांना चिरा पडलेल्या.

"अहो, खरं सांगा," तिने मागे न बघता विचारलं. "माझ्या हातांना तेलाचा वास येतो का? मला कळत नाही, म्हणून चार-चारदा घासते. तुम्हाला नको व्हायला."

"येतो," मी म्हणालो. "लग्न झालं तेव्हापासून येतो."

"मग तीस वर्षांत एकदाही बोलला कसे नाहीत?"

"बोललो असतो तर तू तो घालवला असतास."

ती मागे वळली. मग तिने नळ बंद केला आणि ओले हात माझ्याच शर्टाला पुसले.